सैपाकघरापर्यंतची तार

तिसऱ्यांदा चिखलीच्या वाटेला सायकल घातली तेव्हा बरकतचं डोकं तापलेलं होतं. खांद्यावर तारेचं भेंडोळं, हँडलला हत्यारांची पिशवी आणि मनात एकच धाकधूक, की आज आवाज पोचला नाही तर लगीनसराई गेली.

यशवंतरावांनी तसं सांगूनच पाठवलं होतं. त्यांच्या धाकट्या लेकीचं लग्न तोंडावर आलेलं. काळेवाडीच्या बरकतला ओसरीवरच्या रेडिओचा आवाज सैपाकघरात नेता येत नसेल, तर तो मांडवातून गावभर काय नेणार? आळंदीकडचा लाउडस्पीकरवाला बोलवू, म्हणाले. आणि यशवंतराव ज्याला बोलावतील त्यालाच सगळी चिखली बोलावते. बरकतने तर या सराईच्या भरवशावर नवे भोंगे आणून ठेवलेले.

काम तसं किरकोळ. यशवंतरावांचा मुलगा उद्धव पिंपरीला कंपनीत होता. बोनस मिळाला तसा त्याने मोठा रेडिओ घेतला. रेडिओ ओसरीवर, पुरुषमाणसांत. तिथे बायका कशा बसणार? म्हणून उद्धवनेच काढलं, की एक जादा स्पीकर सैपाकघरात लावावा, आईला भजनं ऐकता येतील. बापाला ते पटलं.

घर लांबलचक. ओसरी, माजघर, मग चौक ओलांडून पार मागे सैपाकघर. बरकतने तीन तारा दाखवल्या होत्या. दारावरच्या घंटीला लावतात ती बारीक, एक मधली आणि एक जाड. लांबच्या पल्ल्याला जाडच घ्या, असं त्याने परोपरीने सांगितलं. उद्धवने तिन्ही चिमटीत धरून पाहिल्या आणि बारीक उचलली. भिंतीवर दिसत नाही, म्हणाला.

तिथेच माशी शिंकली. लगोलग निरोप आला, आत ऐकू येत नाही. बरकतने पदरमोड करून मधली तार ओढली, चुलीपाशी उभं राहून स्वतःच्या कानांनी ऐकलं. आवाज स्वच्छ. तरी पुन्हा निरोप.

आज ओसरीवर पाय ठेवताच यशवंतरावांनी टोमणा हाणला. "काय बरकत, तुझ्या भोंग्याला सर्दी झाली व्हय?"

"मामा, पाट अरुंद आन् लांब असला, तर पाणी शेवटच्या वाफ्याला पोचतं का? वाटेतच जिरतं. आवाजाचं तेच."

"मग रुंद पाट काढ की. रडतो कशाला?"

आधी दुखणं बघावं म्हणून रेडिओ लावला. आत सुनेला ऐकू येतं का, ते यशवंतरावांनी बायकोला, छबूबाईंना, विचारायला लावलं. उद्धव शेजारीच बसला होता, पण तो विचारणार नव्हता. वडीलधाऱ्यांदेखत बायकोशी बोलायची त्या घरात रीत नव्हती. पाणी हवं असलं तरी तो आईला सांगे. लग्नघराच्या गर्दीत निजायलाही बापाशेजारी, ओसरीवरच.

छबूबाईंनी आत विचारलं आणि चौकातूनच सांगितलं, "न्हाई म्हनती."

उद्धव लगेच उठला. तुम्ही इथं बटण धरा, मी आत ऐकतो, असं बरकतला सांगून गेला. बरकत बटण धरून बसला. आतून काही निरोप येईना. बांगड्या किणकिणल्या, हलकं बोलणं झालं, मग तेही थांबलं. बरकतचा चहा संपला. रेडिओवरचे बाजारभाव संपले. तेव्हा कुठे उद्धव घाम पुसत आला. "काय जमत न्हाई, भाऊ."

बरकतचा धीर सुटला. जाड तारेचं भेंडोळं उचलून तो स्वतःच आत निघाला. उद्धवची बायको दुर्गा पाठमोरी पीठ मळत होती, आणि मळता मळता गुणगुणत होती,

"सुटली कंपनी, वाट गं भरली,
तव्यात भाकर, दोनदा फिरली."

चाहूल लागताच ती गप्प झाली. पदर पुढे आला.

स्पीकरमागचा स्क्रू सैल होता. मागच्या खेपेलाही असाच निघाला होता. बरकतने हात लावला तर बोटाला पीठ. सैपाकघरात कशाला पीठ नसतं, म्हणत त्याने ते सदऱ्याला पुसलं. पाट्यावरवंट्याच्या हादऱ्यानं ढिला होत असणार. मग स्क्रूची भानगडच नको. त्याने जाड तार ओढली, चुलीतल्या निखाऱ्यात सळई तापवली आणि तारेची टोकं डाख देऊन कायमची चिकटवून टाकली.

रेडिओ लावला. आवाज असा घुमला, की चौकातल्या कोंबड्या पांगल्या.

यशवंतरावांनी मांडीवर थाप मारली. लग्नाचे भोंगे तुझेच, म्हणाले. छबूबाईंचाही जीव भांड्यात पडला. "बरं झालं बाई. रोज कामावरनं आला, की हा तार बघाया आत. सैपाकाचा नुसता खोळंबा."

उद्धव मात्र रेडिओकडे बघत राहिला. त्याच्या तोंडून शाबासकीचा एक शब्द नाही. आतून एक भांडं आदळल्याचा आवाज आला, तेवढाच. एवढं मर मर मरून ही किंमत, म्हणत बरकतने सायकल काढली.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर उद्धव काळेवाडीच्या दुकानात हजर. बरकतने वर न बघताच विचारलं, की आता काय राहिलं, अजून ऐकू येत नाही का.

"येतंय ना," उद्धव म्हणाला. "लई नीट येतंय."

तो घुटमळला. दुकानात दुसरं कोणी नाही, हे त्याने मागे वळून पाहून घेतलं.

"भाऊ, ती घंटीची बारीक तार हाय का अजून?" मग घसा खाकरून, खाली बघत म्हणाला, "आन् टोकाला डाख नको. स्क्रूच ऱ्हाऊ द्या."