ताडाची रेघ

"मधे बस, बाय. कडेला हात नको टाकू," जिवल्या तांडेल वल्हं ओढत म्हणाला.

सुगंधा मधे सरकली. मांडीवर फॉर्मांचा गठ्ठा, त्यावर दोन्ही कोपरं घट्ट रोवलेली. मुंबईच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकणारी मुलगी. बोईसरला उतरून टांग्याने या किनाऱ्यावर आली, त्याला आज आठ दिवस झाले. चौसष्टचा मे महिना होता. इथं काहीतरी मोठं काम येणार होतं, वस्ती मागे सरकणार होती, आणि कुणाचं काय काय जाणार ते घरोघर विचारून लिहायचं, हा तिच्या अभ्यासाचा विषय. झाडांची यादी तर आखणीवाल्या साहेबांनी परवाच तिच्याकडून मागून नेली. तिला केवढा आनंद झाला होता! आपला अभ्यास कपाटात धूळ खात पडणार नाही, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आज सकाळी जिवल्या स्वतःच तिच्या दारात उभा राहिला. "कालचा फारम खोटा हाय. शेती नाय म्हणून लिवलंस ना? हाय मला शेती. पण ती जमिनीवरनं दिसत नाय."

त्याची बायको तानी कपाळाला हात लावून बसली. होडीत बाईमाणूस! आणि तेही खूण दाखवायला! समुद्रातली आपली जागा कशी ओळखायची, ते बापाने मुलाला सांगायचं, तेही पाण्यावर. जमिनीवर त्याचा एक शब्द काढायचा नाही, आणि परक्याला तर नाहीच. तीन पिढ्या हे पाळलेलं. पण फॉर्मात नसलेली वस्तू साहेबांना दिसतच नाही, एवढं जिवल्याला आठ दिवसांत कळून चुकलं होतं. रात्रभर तळमळला बिचारा, आणि उठून होडी पाण्यात ढकलली.

वारा पडलेला होता. आधी माणसांचे आवाज मागे राहिले. मग घरं, मग बोंबील वाळत घातलेले बांबू. किनारा पुसट होत गेला. पाणी आणि आभाळ कुठे जुळतं तेही कळेना. सुगंधाचे डोळे जड झाले. आपण कोण, कशाला आलो, हे क्षणभर तिला आठवेना, आणि आठवायची इच्छाही होईना. वल्ह्याचा तेवढा आवाज.

तो थांबला.

"आली," जिवल्या म्हणाला.

"काय आलं?"

"शेती."

सुगंधाने वाकून पाहिलं. हिरवं पाणी, त्यात तिचंच तोंड.

"खाली खुंटा हाय. माझ्या आज्यानं ठोकलेला. त्याला जाळं बांधायचं. मासा ओहोटीबरोबर आपल्या पायानं येतो. आता हंगाम सरला, जाळं घरी नेलं. चौमास गेला की परत इथंच यायचं."

"मग वर काहीतरी तरंगतं बांधून ठेवा ना, काका."

"चौमासात?" जिवल्या खो खो हसला. "अगं, चौमासात मोठमोठी लाकडं जातात वाहून! खूण पाण्यावर नसते, बाय. मागं बघ."

तिने मान वळवली.

"देवळामागचा काळा ताड दिसला? शेंडा नाय तो? त्याच्या मागं महालक्ष्मीच्या डोंगराचा सुळका. ताड सुळक्याच्या बरोबर मधी आला, ती एक रेघ. तिकडं तारापूरच्या किल्ल्याचा बुरूज खडकाला टेकला, ती दुसरी. दोन रेघा भेटतात तिथं मी. जरा इकडं सरकलो की मी चोर, दुसऱ्याच्या जागेत." तो ताडाकडे कौतुकाने बघत राहिला. "लिव आता. पण कुणाला वाचून दाखवू नको."

देवळामागचा ताड. वीज पडून वठलेला. परवाच्या यादीत सुगंधानेच लिहिला होता, चांगल्या वळणदार अक्षरात. हा कुणाचा, असं तिने विचारलं तेव्हा जिवल्यासकट सगळे बापे जमिनीकडे बघत गप्प राहिले होते. म्हणून मालकाच्या रकान्यात तिने आडवी रेघ मारली, आणि पुढे लिहिलं, 'निरुपयोगी'.

"काका, मी चुकले हो," ती कशीबशी म्हणाली. "निरुपयोगी झाडं साहेब आधी तोडणार आहेत, आणि तो ताड मीच त्यांत घातलाय. सोमवारपासून तोड आहे. आज शनिवारच आहे, आपण आत्ता परत जाऊ, मी साहेबांच्या पाया पडते..."

जिवल्याचं तोंड उतरलं. एक वल्हं त्याने पाण्यात घातलं, होडी फिरवायला.

तेवढ्यात ताड हलला.

आधी तिला वाटलं, होडीच फिरली. पण सुळका जागच्या जागी होता. ताड हळूहळू सुळक्याच्या बाहेर कलला, आणि दिसेनासा झाला. इतक्या लांब काही आवाज आला नाही. सोमवारचं काम कुणीतरी आजच काढलं होतं.

सुगंधाला रडू फुटलं. फॉर्म मांडीवरून घसरले, दोन-तीन पाण्यात पडले. ते धरायला ती कडेला सरकली.

"हलू नको, बाय," जिवल्या हळूच म्हणाला. दोन्ही वल्ही पाण्यात रोवून तो होडी जागच्या जागी धरून होता. "आता या घडीला आपण बरोबर जागेवर हाव. जरा बसू. हलू नको."