डाव्या बुटाची पट्टी

निधी बूट घालूनच पोळ्या लाटत होती.

"आता झोपतानाही घाल," विक्रांत म्हणाला.

"टाचेला अजून चावतात. घरात वापरून जरा मऊ झाले की त्रास नाही होणार."

जाड मोजे, घोट्याच्या वर येणारे काळ्या चामड्याचे बूट आणि अंगात गाऊन. नोएडातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये हे ध्यान गेले कित्येक दिवस कर्र कर्र करत फिरत होतं. या बुटांसाठी बाईसाहेबांनी करोल बागेतली दुकानं पालथी घातली होती. बायकांचे म्हणून दाखवतात त्यांना उंच टाच. पुरुषांचे सगळ्यात लहान घ्यावेत, तर आत पाय सरकतो. नाडीवाले नकोत, कारण नाडी गियरच्या दांडीत अडकते. एवढी चिकित्सा हिने नवरा निवडताना केली नव्हती, असं विक्रांत मित्रांना सांगायचा.

तो स्वतः दांडगी, महागडी मोटारसायकल चालवायचा आणि दिल्लीतल्या मराठी रायडरांच्या गटाचा म्होरक्या होता. निधी म्हणे आता शिकत होती. दर रविवारी बूट चढवून मेट्रोने आर. के. पुरमला वडिलांकडे जायची आणि दुपारी परतायची.

"शिकवतं कोण?" त्याने एकदा विचारलं.

"सांगितलं तर हसशील."

"मग माझी गाडी घे की."

"नको. ती भाजी आणायची स्कूटी नाहीये, असं तूच म्हणालास ना?"

म्हणाला होता खरा, आणि त्यात काही चुकलं असं त्याला अजूनही वाटत नव्हतं. निधीच्या घरात गाडीतलं कळणारं होतं कोण? सासरे अविनाशराव सरकारी नोकरीत, निवृत्तीला आलेले. त्यांच्याकडे एक बुलेट होती. तिला लवकरच पंधरा वर्षं होणार आणि मग दिल्लीच्या रस्त्यावर काढता येणार नाही, म्हणून म्हातारा हळहळत होता. गेल्या दिवाळीत विक्रांतने ती चालवून पाहिली होती. अविनाशराव तिच्या गियरबद्दल काहीतरी सांगायला लागले, तर "मला नका शिकवू बाबा" म्हणून तो निघालाच. फाटकापर्यंत जायच्या आत गाडीने गचका खाल्ला, बंद पडली आणि त्याला घेऊन आडवी झाली.

"भंगारात घाला हिला," कपडे झटकत तो म्हणाला होता. अविनाशराव नुसते हसले होते.

भोगीच्या दिवशी निधी बुटांना पॉलिश करत बसली होती. फोन आला म्हणून ती आत गेली आणि विक्रांतने सहज डावा बूट उचलला.

गियर डाव्या पायाला असतो. बुटाचं टोक दांडीखाली घालून तो वर उचलावा लागतो, म्हणून तिथलं चामडं आधी झिजतं. तेवढ्यासाठी तिथे जादा पट्टी शिवलेली असते. विक्रांतच्या बुटाची पट्टी पार सोलवटली होती. निधीची कोरी करकरीत होती. इतके रविवार शिकून तिला गियर शिवलासुद्धा नव्हता. उजवा बूट तेवढा टोकाशी खरवडला होता. मागच्या सीटवर चढता-उतरता घासला असणार.

कुणाच्या मागच्या सीटवर?

त्याला रागाआधी किळस आली. खोटंच बोलायचं, तर निदान अक्कल तरी वापरावी माणसाने. त्याने बूट जिथल्या तिथे ठेवला.

"उद्या काला अंबला आमच्याबरोबर ये," ती आल्यावर तो म्हणाला. पानिपतच्या स्मारकापाशी त्यांचा गट दर संक्रांतीला डोकं टेकवायला जायचा. "पण स्वतः गाडी चालवत."

"येणारच होते. आज बाबांकडे राहते, सकाळी तिथूनच निघू. बाबाही येतायत."

हे तर उत्तमच झालं. जे काय व्हायचं ते बापादेखत होऊ दे. त्याने मुद्दाम सासऱ्यांना फोन लावला.

"बाबा, थंडी फार आहे. येणार कसे तुम्ही?"

"मागे बसून," अविनाशराव म्हणाले. "मला आता तेवढंच झेपतं."

टॅक्सीतून जायचंसुद्धा या माणसाला केवढं कौतुक, असं मनाशी म्हणत विक्रांतने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी काला अंबवर धुकं विरत आलं होतं. गटातले सगळे कधीचे पोचले होते. निधी वडिलांबरोबर फाटकातून चालत आली. अविनाशरावांनी तिळगुळाचा डबा उघडला, तेवढ्यात विक्रांत पुढे झाला.

"मंडळी, जरा हिचा डावा बूट बघा. पट्टीला ओरखडासुद्धा नाही. बाईसाहेब चालवत नाहीत, दर रविवारी मागे बसतात. कुणाच्या, ते त्यांनाच विचारा."

गटातली सगळ्यात जुनी रायडर नीरजा वाकून निधीच्या बुटांकडे पाहत होती. डावा पाहून झाला, मग उजवा.

"विक्रांत, एक मिनिट यार."

"नीरजा, तू मधे पडू नकोस."

निधीचा चेहरा पांढरा पडला होता. "तुला खरंच असं वाटतं?"

"बूट खोटं बोलत नाहीत. आता माझ्या घरी यायचं नाही."

"नक्की?"

"सगळ्यांसमोर सांगतोय. बिल्कुल नक्की."

ती वडिलांकडे वळली. मग म्हणाली, "चला बाबा. आर. के. पुरम."

अविनाशरावांनी डबा नीरजाच्या हातात दिला. टॅक्सीत बसून जाणाऱ्या रायडरबाई पाहायला मिळणार, म्हणून विक्रांतही मागोमाग फाटकाबाहेर आला.

बाहेर टॅक्सी नव्हती. चिंचेच्या झाडाखाली घासूनपुसून लख्ख केलेली बुलेट उभी होती. निधीने हेल्मेट चढवलं आणि एका किकमध्ये ती सुरू केली. अविनाशराव मागे बसले आणि त्यांनी लेकीच्या खांद्यावर हात ठेवला.

निधीने क्लच दाबला, उजव्या बुटाचं टोक दांडीखाली घातलं आणि पहिला गियर वर उचलला.