ठोका नसलेलं घर

दरड कोसळलेल्या वाडीत माती उपसणारा चेनचा लोडर चिमाबाईच्या गाडलेल्या घरापाशी थांबला आणि तसाच पुढे निघाला.

"दादा, माझा लेक हाय खाली," ती गेनूला म्हणाली. पूर्वी हाच लोडर गेनू चालवायचा. आता लोडर आपला आपणच चालायचा आणि गेनू नुसता निशाण धरून बाजूला उभा असे.

"मावशी, त्याला चिखलाखालचे काळजाचे ठोके ऐकू येतात. ठोका नसेल तिथं तो बकेट घालत नाही."

"मग मेलेल्यांचं?"

"मी चालवायचो तेव्हा सगळ्यांना काढायचो. आता वर चुना टाकतात."

चिमाबाईनं पदर खोचला आणि ती मोडक्या वाशांखालच्या फटीत सरपटत शिरली.

लोडर जागच्या जागी वळला. बेताबेतानं माती उपसून त्यानं तिला अलगद बाहेर ठेवलं. मागं, हातभर आत, लेकाचा पाय दिसू लागला होता. लोडर क्षणभर थांबला आणि पुन्हा निघाला.

ती परत आत शिरली. या वेळी तो वळला नाही. एकदा काढलेल्या माणसाचा ठोका तो पुन्हा हिशेबात धरत नव्हता.

चिमाबाई बाहेर येऊन चिखल पुसत गेनूसमोर आली.

"दादा, आता तुम्ही शिरा."

गेनूनं निशाण आणखी घट्ट धरलं.