उंबरठ्यावरचं माप

"अगं, माप ओलांडायचंय, डोंगर नाही!" सुलभाताई चौथ्यांदा म्हणाल्या. "उजवा पाय लाव, तांदूळ सांडू देत आणि आत ये. गुरुजी ताटकळलेत, आइस्क्रीमचं पाणी झालंय, आणि ही आपली उभीच!"

त्यांची नवी सून शाल्मली उंबरठ्याबाहेर, उजवा पाय वीतभर उचलून, खाली बघत उभी होती. लग्नाआधी तीन वर्षं तिनं युद्धात नव्वद फुटी यंत्र चालवलं होतं. त्याच्या छातीत बसून तिनं पाय उचलला की यंत्राचा पाय उचलला जायचा, तिनं टेकवला की टेकायचा. त्याच्या पायाखाली काय आलं, तेही तिच्या तळव्याला कळायचं.

"आई, यात कुणी आहे का?" तिनं हळूच विचारलं.

"मापात? मापात कोण असणार, बाई? तांदूळ आहेत नुसते! निनाद, तू तरी सांग रे बायकोला."



सुलभाताई कपाळावर हात मारून घेत, गुडघे धरत खाली बसल्या. त्यांनी मापात हात घालून बुडापर्यंत चाचपलं आणि मूठभर तांदूळ वर काढून दाखवले.

"हे बघ. कुणी नाही. झालं समाधान? टाक आता पाय."

शाल्मलीचा पाय तसाच अधांतरी राहिला.

"तेव्हाही वायरलेसवर हेच सांगितलं होतं, आई," ती म्हणाली. "कुणी नाही, टाक पाय."