म्हातारपणाचा पोशाख

"श्वास सोड," म्हणत विभागप्रमुख मॅडमनी शेवटचा पट्टा करकचून आवळला.

तरुण डॉक्टरचे गुडघे आता वाकत नव्हते. घोट्यांना वाळूच्या पिशव्या होत्या, हातांत जाड मोजे, कानांत बोळे. पिवळ्या चष्म्यातून सगळं धुरकट दिसत होतं. मानेचा पट्टा आणि लोकरीची टोपी यांच्यामधून त्याचं नाक तेवढं बाहेर होतं.

वृद्धांच्या विभागातला हा रिवाजच होता. विभाग सोडायचा असेल, तर हा म्हातारपणाचा पोशाख चढवून औषधांच्या खिडकीवरून मलमाची डबी आणायची. मॅडमचा चहा संपायच्या आत परतलं, की बदलीच्या अर्जावर सही. डॉक्टरला हृदयविभागात जायचं होतं. तिथे धावपळ असते, नाव होतं. इथे काय, दिवसभर एकच वाक्य: "वय झालं, आजोबा. चालायचंच."

"हा गेलो आणि आलो," तो म्हणाला. मॅडमनी कपात चहा ओतला.

पहिल्याच वळणावर वॉकर घेतलेल्या एका आजींनी त्याला मागे टाकलं. वर मागे वळून पाहिलंही. खिडकी गाठेपर्यंत तो मेटाकुटीला आला. डबी मिळाली, पण मोज्यातून निसटून बाकाखाली गेली. वाकता येईना, म्हणून तो बाकावर बसला. मग उठताही येईना.

शेजारच्या आजोबांनी काठीने डबी ओढून दिली. डॉक्टरने त्यांना ओळखलं. सकाळीच त्याने त्यांचा गुडघा तपासला होता. टेबलापलीकडून, पँट वर करायला न सांगता.

आजोबांनी मात्र त्याला ओळखलं नाही. "गुडघा का?" ते त्याच्या कानाशी ओरडले.

त्याने मान हलवायचा प्रयत्न केला. ती हलली नाही.

"मानसुद्धा? अरेरे! चला, मोठ्या बाईंनाच दाखवू."

त्यांनी त्याला बखोटीला धरून उभं केलं आणि रांग मोडत निघाले. "सरका, सरका! केस हाताबाहेर गेलीय!" आजोबा स्वतः लंगडत होते. ते त्याला आत्ता दिसलं.

मॅडमच्या कपात शेवटचा घोट उरला होता.

"बाई, यांना आधी बघा," आजोबा धापा टाकत म्हणाले. "फक्त त्या नव्या पोराकडे पाठवू नका. तो गुडघा बघतच नाही. तोंड बघतो आणि वय सांगतो."

"तो आजच चाललाय," मॅडम शांतपणे म्हणाल्या. त्यांनी अर्ज पुढे ओढला. "वेळेत आलाय."

आजोबा त्याच्या बोळे घातलेल्या कानात ओरडले, "ऐकलंत का? तो जातोय! वाचलात तुम्ही!"

मॅडमचं पेन कागदाला टेकलं.

"मॅडम, थांबा," टोपीखालून आवाज आला. "आजोबा, पँट जरा गुडघ्याच्या वर घ्या बघू."