नदीपलीकडचा भाग

तो व्हिडिओ गेम ताई आणि मी मिळून खेळायचो. तिची बाहुली लाल कोटातली, माझी हिरव्या. ताई गेल्यावर मी तो नुसता उघडून बघायची. शेवटचं खेळताना आम्ही थांबलो होतो त्या पुलावर तिची बाहुली बसलेली असायची. रिमोट कुणाच्या हातात नसला की त्या बाहुल्या बसतात, एवढंच. मला तेवढं पुरायचं.

काल नवऱ्याने सहज म्हणून 'नवा खेळ' दाबलं आणि आमचा जुना खेळ पुसला गेला.

"अगं, परत खेळ की पहिल्यापासून."

"तुझ्या गेलेल्या आईचा भिंतीवरचा फोटो फाडते," मी म्हणाले, "आणि सांगते, नवा काढून आण."

त्याने पडद्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "ती लाल बाहुली चालतेय."

दुसरा, ताईचा रिमोट कपाटात होता, सेल काढून ठेवलेला. तरी ती तरातरा निघाली होती. भांडण झालं की ताई अशीच मागे न बघता चालायची.

माझं डोकंच फिरलं. नवऱ्याच्या हातातला रिमोट ओढून मी माझी बाहुली तिच्यामागे पळवली. "एकदा सोडून गेलीस ते पुरे नाही झालं का गं?"

जंगल, पूल, डोंगर ओलांडून ती नदीवर पोचली. गेम तिथेच संपतो. पलीकडचं गाव दुसऱ्या भागात येणार होतं, पण बनवणारी कंपनीच बंद पडली.

ती पाण्यात उतरली. मग वळून तिने हात पुढे केला.

मी रिमोट फरशीवर आपटला. त्याचे तुकडे झाले.

माझी बाहुली बसली नाही. तीही पाण्यात उतरली.