अध्यक्षबाईंची सुटका

"पुढच्या वर्षी अध्यक्ष कोण होणार?" विभावरीने विचारलं, आणि सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे बघायला सुरुवात केली.

दर वर्षी हेच व्हायचं. स्टुटगार्टमधल्या चर्चच्या हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडल्या जायच्या, कॉफी व्हायची, केक संपायचा आणि हा प्रश्न निघाला की चांगली बोलकी माणसं मुकी व्हायची. फेराइनचा, म्हणजे मंडळाचा, नियमच तसा होता. नवा अध्यक्ष मिळेपर्यंत जुन्याने जागचं हलायचं नाही. बरं, मंडळ तरी कसलं? रुमानियन लोकनृत्य शिकवण्याचं! हातात हात घालून गोल फिरायचं, त्याला होरा म्हणतात. कोथरूडमध्ये वाढलेल्या बाईचा त्याच्याशी काय संबंध? संबंध एवढाच, की खालच्या मजल्यावरची आउरेलिया एकदा तिला ओढून घेऊन गेली होती. पुढे आईच्या आजारपणासाठी आउरेलिया मायदेशी परतली. जाताना हॉलची किल्ली हिच्या हातात ठेवून म्हणाली, "थोडे दिवस सांभाळ." भिडेखातर हो म्हणणाऱ्याचं जे होतं, तेच विभावरीचं झालं.

आता अध्यक्षपद तिच्याकडे, हॉलचं बुकिंग तिच्याकडे, बिघडलेला स्पीकर तिच्याकडे, कार्यक्रमानंतर भरतकामाचे ब्लाऊज हाताने धुणंही तिच्याचकडे. एकाच पावलावरून दोन रुमानियन भांडायला लागले, एक म्हणे आमच्या गावी असं टाकतात, दुसरा म्हणे तसं टाकतात, की निवाड्यालाही हीच. गुरुवार उजाडला की तिला घरातून निघावंसंच वाटेना. "मी पुरती अडकलेय गं," असं ती पुण्याला बहिणीला फोनवर सांगायची. ऑफिसात सांगायची. सगळ्यात जास्त सांगायची ती मयुरेशला, म्हणजे नवऱ्याला.

मयुरेशची बदली हेर्त्सोगेनआउराखला होऊन तीन वर्षं झाली होती. शुक्रवारी ट्रेनने यायचा, रविवारी परत जायचा. माणूस गुणी. कधी आवाज चढवला नाही. आला की स्वयंपाकघरातले डबे त्याला हवे तसे लावून ठेवायचा. हॉटेलात वेटर आला की ती तोंड उघडायच्या आत, हिला काय आवडतं ते सांगून टाकायचा. तिकडच्या नव्या घरात त्याने तिच्यासाठी पडदे निवडले होते, तिचं कपाट लावलं होतं, तिथल्या मराठी बायकांच्या भिशीत तिचं नावसुद्धा घालून ठेवलं होतं.

"तू फक्त यायचंस," तो म्हणायचा.

"येणारच रे. नवा अध्यक्ष मिळू दे, दुसऱ्या दिवशी बॅग भरते."

ऐकणारे हळहळायचे. परक्यांच्या नाचापायी बिचारीचा संसार दोन गावांत विभागला होता. तिलाही तसंच वाटायचं, आणि स्वतःची फार कीव यायची.

आज मात्र बुटांवरून एकीची नजर वर आली. हाइडरून उभी राहिली. ही निवृत्त शिक्षिका गुडघ्याला पट्टा बांधून नाचायची आणि कधी एक गुरुवार चुकवायची नाही.

"हे बघ, विभावरी," ती म्हणाली, "अध्यक्ष कोणी होणार नाही. होण्यासारखं कोणी नाहीच. पण आम्ही आपसांत बोललो. मंडळ बंद करू या. आमच्यासाठी तू किती दिवस अशी अडकून राहणार?"

ट्रक चालवणाऱ्या सॉरिनने नाक शिंकरलं. त्याला आठवड्यातून एकदा स्वतःच्या रुमानियन भाषेतली गाणी फक्त इथेच मोठ्याने लावता यायची. विभावरीला भरून आलं. आपण यांना स्वार्थी समजत होतो, आणि ही माणसं आपला एकुलता एक आनंद तिच्यासाठी सोडायला निघाली होती. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. ती सुटली होती.

"सुचलं कोणाला हे?" तिने डोळे पुसत विचारलं.

"तुझ्या नवऱ्याला," हाइडरून कौतुकाने म्हणाली. "त्याने प्रत्येकाला वेगवेगळा फोन केला. किती गोड बोलतो गं! तुला कळू द्यायचं नाही म्हणाला. शनिवारी सामान न्यायला गाडीसुद्धा सांगून ठेवलीय त्याने. तू फक्त जायचंस."

विभावरीने मान डोलावली. हसलीही थोडीशी. तिला एकदम धडकी भरली होती.

पण रीत ती रीत. मतदान घेणं भाग होतं, आणि मंडळ बंद करायचं तर एकमत हवं, असं आउरेलियाने नियमांत घालून ठेवलं होतं.

"बाजूने कोण?" तिने विचारलं.

एकेक करत समोरचे सगळे हात वर गेले. सॉरिनचा सगळ्यांत शेवटी.

"विरोधात?"

हे विचारायचं म्हणून विचारायचं असतं. हॉलमध्ये सगळे हात खाली आले. कोणी कोटाकडे हात नेला, कोणी उरलेला केक डब्यात भरायला लागलं. मग एकेक जण थांबला. अध्यक्षबाईंचा हात वर होता.

"अगं, तुझा काहीतरी घोटाळा होतोय," हाइडरून म्हणाली. "बाजूचं मत झालं. हे विरोधातलं."

"माहितीये मला."

"पण आता तुला नवऱ्याकडे जाता येईल!"

"तेच तर," विभावरी म्हणाली. तिचा हात वरच राहिला.